उचलून लावायचं दार

३ नोव्हेंबर

...मग हे बॉनेट उघडून तेल बघायचे आणि मी ओल्या फडक्यानं पुढची काच पुसायची. काच झाली की आरसा, आरसा झाला की सीटवरची धूळ. डबा सीटच्या मागे, पाण्याची बाटली पायाशी, अर्धं राहिलेलं पुस्तक डॅशबोर्डवर. तोवर हे हात पुसत येणार, चारी चाकांना एकेक लाथ घालणार, आणि मी चढून बसले की खालूनच म्हणणार, "उचलून लाव गं." रोज! जसं काही मला कालच पहिल्यांदा गाडीत बसवलंय. मी म्हणायची, "उचलूनच लावतेय. बाकी सगळं पण मीच उचलते, हे काय नवीन?"

आज हे आठवलं, कारण माझ्या बाजूचं ते दार आज आम्ही काढलं. मिस्त्रींनी बिजागऱ्यांचे बोल्ट सैल केले, मी खालून दोन्ही हातांनी धरलं, आणि दार निघून आलं. जड आहे. भिंतीला टेकवून ठेवलं तर गाडी कान नसलेल्या माणसासारखी दिसायला लागली.

ही डायरी रद्दीत कोरी आलेली, जुन्या सालची. तारखा खऱ्या, वार खोटे. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, रोज काय केलं ते लिहून ठेवा, माझ्या लक्षात राहत नाही." म्हणून सुरू केली. पत्र्याचंच लिहायचं होतं, सुरुवातीलाच भरकटले.

तर पत्र्याचं. गाडी जुनी पिकअप. ह्यांनी घेतली तेव्हाच तिची दोन घरं फिरून झाली होती. हिरवा रंग, पुढे दोन मोठे गोल दिवे. लेक लहानपणी तिला बेडकी म्हणायची, तेच नाव पडलं. आम्ही ऑफिसं आणि छापखान्यांतून रद्दी उचलून कागदाच्या कारखान्यात टाकायचो. हे वजनाच्या रांगेत उभे राहायचे आणि मी केबिनमध्ये बसून गठ्ठ्यांतलं हाताला येईल ते वाचायची. चौथीनंतर शाळा नाही झाली. पुढचं सगळं शिक्षण त्या सीटवर झालं, सुरुवात नसलेल्या आणि शेवट नसलेल्या पुस्तकांवर.

मागच्या वर्षी हे गेले. बेडकी शेडमध्ये उभी राहिली. लेकीनं रोपवाटिका काढली आहे, तिला रोपं पोचवायला गाडी हवी. मीच कबूल केलं, केबिन नीट करते आणि तुला देते. दोन गॅरेजवाले बघून गेले. एकानं सांगितलं भंगारात द्या, दुसरा नुसताच हसला. मिस्त्री ह्यांचे जुने दोस्त, आयुष्यभर पत्राकाम केलं. खांदा गेल्यापासून दुकान बंद आहे. ते म्हणाले, "हात तुमचे, डोकं माझं. दोघांचं मिळून एक माणूस होईल."

६ नोव्हेंबर

दाराखाली जी लांब पट्टी असते, पाय ठेवून वर चढतो ती, तिला मिस्त्री सिल म्हणतात. मी उंबरा म्हणते. वरून बरा दिसत होता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

मी ग्राइंडर धरून वरचा पत्रा कापला. आधी पुट्टीचा जाड थर निघाला आणि त्याच्या आत कागद! दाबून दाबून भरलेला, ओला होऊन, वाळून, परत ओला होऊन दगड झालेला. ह्यांचंच काम. कधी केलं ते मलाही माहीत नाही. भोक पडलं, घरात रद्दी होती, भरली, वरून पुट्टी फासली, हिरवा रंग दिला, झालं.

मिस्त्री खाली बसून कपाळाला हात लावून हसत होते. "अहो, हा माणूस मला सांगायचा, मिस्त्री, मी घरीच दुरुस्त केलं, तुझा खर्च वाचवला! माझा खर्च! पत्र्यात रद्दी भरली यानं. पाणी पीत बसली ती इतकी वर्षं."

मी म्हटलं, "रद्दीवाल्यानं रद्दी भरली. दूधवाल्यानं दूध भरलं असतं."

मी तो कागद सोलून बघितला, कुठे अक्षर दिसतं का म्हणून. काही नाही. नुसता लगदा. बोटांवर करडा रंग राहिला तेवढाच. त्या ओलाव्यानं शेजारचा खांबही खालून खाल्ला आहे, ज्यावर दार टांगलेलं असतं तो. तो थोडा खाली बसलाय म्हणाले. बघू.

११ नोव्हेंबर

पत्रा ठोकायला शिकले. मागून लोखंडी ठोकळा टेकवायचा, पुढून हातोडी. जोर नाही लावायचा. मिस्त्री म्हणतात, "मारू नका वहिनी, समजूत घाला." अंगठा सुजलाय. पान उलटताना दुखतो, म्हणून आज वाचलं नाही.

१२ नोव्हेंबर

वाचलं. डाव्या हातानं पान उलटलं. आता केबिनमध्येच बसते, दार नसलं तरी. घरात खुर्ची आहे, खिडकी आहे, उजेड चांगला आहे, पण मन लागत नाही. वाचता वाचता एखादं मजेदार वाक्य आलं की मी उजवीकडे बघते. ह्यांच्या जागेवर ग्राइंडरचा डबा आणि माझा चष्म्याचा खोका असतो.

१९ नोव्हेंबर

आज नवा उंबरा बसला. मोठा दिवस.

मिस्त्रींनी सांगितलं होतं की सगळं एकदम वेल्ड करायचं नाही. आधी लहान लहान टाके मारायचे आणि प्रत्येक टाक्याला दार लावून बघायचं, कारण पत्रा तापला की ओढला जातो. बिजागऱ्यांत नव्या पिना घालून दार परत टांगलं. वेल्डिंगला खांदा लागत नाही म्हणून मिस्त्री स्वतः गाडीखाली आडवे, तोंडावर काच. मी वर, दाराशी.

एक टाका. खालून आवाज, "लागतं का?"

मी दार लावलं. "लागतं."

दुसरा टाका. "लागतं का?"

"लागतं."

असं संध्याकाळपर्यंत. एकदाही अडलं नाही. मिस्त्री बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, "पहिल्याच कामात इतकं जमलेलं मी बघितलं नाही. लोक नुसत्या दारापायी आठवडा घालवतात." मला फार बरं वाटलं. ह्यांना सांगायला हवं होतं, असं वाटलं. मग ह्यांच्या फोटोकडे न बघता झोपले, उगाच.

२४ नोव्हेंबर

लेकीचा फोन. तिला एका कंपनीच्या आवारात झाडं लावायचं काम मिळालंय, वर्षभराचं. इतकं मोठं काम पहिलंच. पण रोपं भाड्याच्या टेम्पोतून जातात आणि टेम्पोवाला कुंड्यांवर कुंड्या रचतो. "आई, मी त्याला म्हटलं, अरे ही झाडं आहेत, विटा नाहीत. तर म्हणतो, ताई, विटा तरी बऱ्या, त्या मोडत नाहीत."

मी हसले. ती हसली नाही.

"किती राहिलंय आई?"

"थोडंच."

"थोडंच म्हणजे? पहिलं मोठं सामान पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला न्यायचंय. कंपनीचा माणूस म्हणाला, रोपं धड आली नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ."

"होईल गं तोवर."

फोन ठेवून शेडमध्ये गेले. दुसऱ्या बाजूचा मागचा कोपरा हातानं चाचपला. रंगाखाली बारीक फोड वाटले. बरं झालं आत्ताच लक्षात आलं. उद्या तो उघडते.

२५ नोव्हेंबर

कोपरा उघडला. गंज फार नव्हता, पण होता. पूर्ण खरवडून काढला. अर्धवट ठेवून काय उपयोग? मिस्त्री म्हणाले, "हे चार-पाच वर्षं सहज चाललं असतं." मी म्हटलं, "आणि मग?" त्यांनी चहा ओतून घेतला.

२९ नोव्हेंबर

छपराच्या कडेला पाण्याची बारीक पन्हळ असते, तिच्या सांध्यांत भरलेली जुनी लुकण काढली. कडा, कोपरे, सगळं. सीट बाहेर काढून खालची जमीन घासली. तिथे सापडलं ते असं: एक बटण, लेकीची लहानपणची केसांची पिन, सुपारीएवढा सुकलेला पेरू, आणि ह्यांच्या चष्म्याची एक काडी. ही काडी हरवली म्हणून ते महिनाभर दोरा बांधून हिंडले होते आणि मला म्हणत होते, "तूच रद्दीत घातलीस." आता कोणाला दाखवू?

मिस्त्री प्रायमर मारायचा म्हणत होते. मी म्हटलं, जमीन अजून एकदा घासते.

३ डिसेंबर

हिरवा रंग जमत नाही. रंगवाल्यानं तीन छटा करून दिल्या. पहिली पोपटी, दुसरी शेवाळी, तिसरी मिस्त्रींच्या मते अगदी तंतोतंत. मला ती उजळ वाटते. रंगवाला म्हणाला, "बाई, तुम्ही उन्हानं विटलेला रंग बघताय. मूळ रंग हाच." मी म्हटलं, मला मूळ नको, जो होता तो हवा. तो मिस्त्रींकडे बघायला लागला. मिस्त्री आपले बूट बघत होते.

शेवटी तिसराच घेतला, कारण लेक आठ तारखेला येतेय.

८ डिसेंबर

आजचं नीट लिहिते.

लेक सकाळीच आली. रंगवलेली बेडकी बघून तिनं तोंडावर हात ठेवला आणि एकदा पूर्ण फेरी मारली. बॉनेटवर गाल टेकवला, तशीच, लहानपणी टेकवायची तशी. मिस्त्रींनी नवे कपडे घातले होते. ते लेकीला म्हणाले, "तुझ्या आईनं केलंय बरं का सगळं. मी नुसता शिव्या देत होतो."

"कुणाला?"

"तुझ्या बापाला. सवय आहे जुनी."

मी घरातून पाणी घेऊन येईपर्यंत तिनं आपली पिशवी माझ्या बाजूच्या सीटवर ठेवली आणि दार लावलं.

खण्ण असा आवाज झाला. दाराचा खालचा कोपरा नव्या उंबऱ्यावर आपटला. रंगाचा टवका उडाला.

"आई, हे लागत नाही."

"लागतं की. उचलून लाव."

"उचलून?" तिनं माझ्याकडे बघितलं. "नवीन केलं ना हे? अजून उचलूनच?"

मी पुढे होऊन लावून दाखवलं. व्यवस्थित लागलं. "हे बघ."

मिस्त्रींनी मला बाजूला केलं. स्वतः दार उघडलं आणि सरळ ढकललं. खण्ण. परत. खण्ण. मग म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही लावा. सावकाश." मी लावलं. ते खाली वाकून माझ्या हाताकडे बघत होते.

"उचलताय तुम्ही," ते म्हणाले.

"मी? नाही हो."

"आई, उचलतेस," लेक म्हणाली.

परत लावलं. खरंच! हात आपोआप कोपरातून वर जातो, मुठीत दार धरून, आणि मग ओढतो. मला कळतही नाही. त्या दिवशी मिस्त्री गाडीखाली होते आणि मी प्रत्येक टाक्याला दार उचलून लावत होते आणि लागतं, लागतं म्हणून सांगत होते. खांब खाली बसलेलाच राहिला आणि तसाच वेल्ड झाला. इतक्या वर्षांची सवय आम्ही लोखंडात पक्की करून ठेवली.

मिस्त्री हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "चूक माझी. मी बाहेर येऊन एकदा हात लावायला हवा होता."

लेक म्हणाली, "मी घेऊन जाते तशीच. उचलून लावीन."

मी म्हटलं, "मुळीच नाही. तू सामान हातात घेऊन शंभर वेळा चढउतार करणार. दार आपटून आपटून उंबरा परत फुटेल. परत कापायचं. ठेव इथेच."

"आई, उद्या सामान जायचंय."

"या खेपेला टेम्पो घे."

तिनं पिशवी काढून घेतली. जाताना दार तिनं नुसतं टेकवून ठेवलं.

९ डिसेंबर

उंबऱ्याचा पुढचा जोड कापला. आपणच केलेलं कापताना हात जड होतात म्हणतात, माझे झाले नाहीत. जॅक लावून खांब हळूहळू वर घेतला. मला वाईट वाटायला हवं होतं. तर दुपारी जेवण चांगलं गेलं, आणि संध्याकाळी सीटवर बसून पुस्तकाची बरीच पानं झाली. कदाचित काम असलं की माणूस बरा राहतो.

१२ डिसेंबर

खांब जागेवर आला. वेल्ड झालं. या वेळी मिस्त्रींनी मला दाराला हात लावू दिला नाही, शेजारणीला बोलावलं. तिनं आयुष्यात बेडकीचं दार लावलेलं नाही. ती बिचारी प्रत्येक टाक्याला "लावू का? लावू का?" करत होती आणि मिस्त्री खालून ओरडत होते, "लावा हो बाई, चावत नाही!"

शेवटी मला म्हणाले, "आता तुम्ही. एका बोटानं. बाकीचा हात मागे."

एका बोटानं ढकललं. टक् झालं आणि लागलं. आवाज ओळखीचा वाटला नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीचं दार लावल्यासारखं झालं.

१५ डिसेंबर

जावयाचा फोन. तो सहसा करत नाही. इकडचं तिकडचं बोलला, माझ्या अंगठ्याची चौकशी केली. मग म्हणाला, "आई, एक सांगू का? ती तुम्हाला सांगणार नाही. नऊ तारखेच्या खेपेत निम्मी रोपं मोडली. कंपनीच्या माणसानं परत पाठवली. एकोणीस तारखेला शेवटची संधी दिलीय त्यानं, तेव्हा धड आली तर काम राहील. ती आता दुसरी गाडी बघतेय."

"का? बेडकी झालीच आहे."

"झाली?" तो म्हणाला. "नक्की?"

"झालीच. पन्हळीपाशी थोडं काहीतरी दिसतंय, तेवढं मिस्त्रींना दाखवते."

तो म्हणाला, "बरं, आई." फार हळू म्हणाला. चांगला मुलगा आहे. बोलतो मात्र तोलून मापून, कधीकधी अर्थच लागत नाही.

१७ डिसेंबर

मिस्त्रींना पन्हळ दाखवली. छपराच्या मागच्या बाजूला तपकिरी रेघ आहे, बोटभर. मी म्हटलं, "हे बघा, परत सुरू झालं. हे उघडावं लागेल, नाहीतर वर्षभरात छप्पर जाईल."

स्टूल घेऊन ते वर चढले. खांदा धरून, कण्हत. खिशातून चष्मा काढला. नखानं रेघ खरवडली, नख नाकाशी नेलं. मग रुमालाला थुंकी लावून पुसली. रेघ निघून गेली. खाली नवा हिरवा रंग, चकचकीत.

"माती आहे वहिनी."

"नीट बघा."

"बघितलं. माती आहे. शेडच्या छपरावरून गळलेली." ते उतरले आणि त्यांनी ग्राइंडर उचलला. वायर गुंडाळून पिशवीत टाकली. हातोड्या टाकल्या. ठोकळा टाकला. मी म्हटलं, "हे काय? हत्यारं कशाला नेताय? उद्या लागतील."

"नाही लागणार."

"उजव्या बाजूचं बघायचं राहिलंय."

"वहिनी," ते म्हणाले, "मागच्या महिन्यातच झाली होती ही. दाराचं सोडलं तर. कोपरा चांगला होता, जमीन चांगली होती. मी येत राहिलो. म्हटलं, तुम्हाला करायचंय तर करू दे. आणि खरं सांगायचं तर मलाही यायचं होतं. इथं आलं की त्याच्याशी भांडता येतं." पिशवीचा बंद त्यांना नीट लागत नव्हता. मी लावून दिला. "पण आता पोरीची रोपं मोडतायत."

मी म्हटलं, "मी काय मुद्दाम करतेय का?"

"मी कुठे म्हटलं?"

"मग?"

"मग काही नाही. चहा टाका."

चहा टाकला. दोघं शेडच्या दारात बसून प्यायलो. त्यांनी ह्यांची एक गोष्ट सांगितली, कारखान्याच्या आवारात हे मला गाडी शिकवत होते तेव्हाची. मी बेडकी वजनकाट्यावर चढवली आणि बंद पाडली आणि मागे रांग लागली. सगळे हॉर्न मारत होते. हे खाली उतरून त्या सगळ्यांवर ओरडले होते, "थांबा! बाई शिकतेय!" ही गोष्ट मला माहीत आहे, मी गाडीतच होते. तरी ऐकली. मिस्त्री तिथे नव्हतेच. ह्यांनी त्यांना सांगितली असणार, आणि कितीदा सांगितली असणार, की त्यांना रांगेतल्या गाड्यासुद्धा पाठ आहेत.

मिस्त्री गेल्यावर केबिनमध्ये जाऊन बसले. पुस्तक नव्हतं घेतलं. डावीकडे, माझ्या जागेवर. नव्या रंगाचा वास येतो, जुना कागदाचा वास गेला. कुठेही हात लावून बघितलं तरी पत्रा गुळगुळीत. बराच वेळ शोधलं. मग उतरले आणि उजवीकडून चढले, सीट पुढे ओढली. ह्यांचे पाय लांब होते.

१८ डिसेंबर

सकाळी बेडकी शेडमधून काढली, लेकीच्या रोपवाटिकेपर्यंत चालवत नेली आणि फाटकाच्या आत, रोपांशेजारी उभी केली. किल्ली तिच्या हातात दिली. बसनं घरी आले.